बकासुराचा वाटा आणि पाच व्होल्ट

महाभारतातली एकचक्रानगरी म्हणजे आपलं केळझर, असं नागपूर-वर्धा रस्त्यावरचं हे गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं आहे. टेकडीवरचा सिद्धिविनायक विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक. त्याची स्थापना पांडवांच्या काळातली, आणि भीमानं बकासुराला लोळवलं तेही इथंच, अशी श्रद्धा. त्या कथेतला गावकऱ्यांचा करार मला नेहमी आवडतो. रोज गाडाभर अन्न, दोन रेडे आणि गाडी हाकत नेणारा माणूस, एवढा बकासुराचा वाटा. त्यानं गावात येऊन हात मारायचा नाही, ठरलं तेवढंच घ्यायचं.

कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टाचा करार असाच आहे. वाटा ठरलेला, आणि तोही आधी विचारून घ्यायचा. फरक एवढाच, की इथला बकासुर, म्हणजे आपला फोन, उपाशी राहिला तर गावावर चालून येत नाही. तो रुसून बसतो, नाहीतर चार्जिंगचं चिन्ह दाखवत दाखवत हळूहळू मान टाकतो.

केळझरसारख्या गावातल्या कुठल्याही सेवा केंद्रात हे नाटक पाहायला मिळतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि मोबाइलमध्ये चार्जिंग असणं हे शेतीचंच काम होऊन बसलं. बांधावर उभं राहून कपाशीचा नाहीतर सोयाबीनचा फोटो काढायचा, जीपीएस चालू ठेवायचं, रेंज शोधायची. बॅटरी यातच उतरते. मग सातबारा काढायला आलेला माणूस केंद्रचालकाला म्हणतो, "भाऊ, तुमच्या कॉम्प्युटरले लावून द्या ना थोडा वेळ." फोन लागतो. विजेचं चिन्ह येतं. अर्ध्या तासानं पाहावं तर बारा टक्क्यांचे अकरा झालेले. "चार्जिंगच नाही घेऊन राहिला हा!" केंद्रचालक फोनला नावं ठेवतो, फोनवाला कॉम्प्युटरला, आणि रस्त्यापलीकडचा मोबाइल दुरुस्तीवाला दोघांच्या केबलला. पुष्कळदा बिघाड कुठंच नसतो.

यूएसबी जन्माला आलं १९९६ साली, कीबोर्ड, माउस, प्रिंटर यांच्या वेगवेगळ्या सॉकेटांचा गोंधळ मिटवण्यासाठी. ते घडवणाऱ्या इंटेलच्या चमूत वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट होते. मोबाइल चार्ज करणं तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. माउसला चालायला जरासा प्रवाह लागतो, तेवढा त्याच वायरीतून द्यावा, इतकाच विचार. म्हणून नियम असा झाला: पोर्टावर दाब ५ व्होल्ट. जोडलेल्या वस्तूनं सुरुवातीला १०० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह ओढायचा नाही. मग तिनं आपण कोण आहोत ते कॉम्प्युटरला सांगायचं, किती हवं ते मागायचं, आणि मंजुरी मिळाली तर ५०० मिलिअँपिअरपर्यंत घ्यायचं. २००० सालच्या यूएसबी २.० मध्येही हेच आकडे राहिले. २००८ साली यूएसबी ३.० आलं तेव्हा ते १५० आणि ९०० झाले. पोर्टाच्या आतली पट्टी निळी असेल तर बहुधा ते यूएसबी ३.०. कॉम्प्युटर झोपला, की मंजुरीही संपली. मग नियमानं उरतात अवघे अडीच मिलिअँपिअर.

आता हिशेब मांडू. आजच्या साध्या फोनची बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे सुमारे १९ वॉट-तासांची असते. जुन्या पोर्टातून ५ व्होल्टनं अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट मिळणार. वाटेतली गळती धरली तर रिकामी बॅटरी भरायला नऊएक तास लागतील, तेही फोन बंद ठेवला तर. स्क्रीन चालू, नेट चालू, जीपीएस चालू असेल, तर फोन स्वतःच दोन-अडीच वॉट खातो. बाराचे अकरा होतात ते असे. अशा वेळी फोन बंद करून, निदान विमान मोडवर टाकून लावावा. ई-पीक पाहणीला निघण्यापूर्वी अर्ध्या तासात चार्ज हवा असेल, तर भिंतीवरच्या सॉकेटाला पर्याय नाही.

मोठमोठ्या कंपन्यांनाही हा करार नडला. २०१० साली पहिला आयपॅड आला, त्याचा चार्जर १० वॉटचा. लोकांनी तो हौसेनं कॉम्प्युटरला जोडला आणि पडद्यावर कोपऱ्यात 'नॉट चार्जिंग' अशी पाटी आली. नवी कोरी महागडी वस्तू बिघडली म्हणून लोक दुकानांत गेले. बिघडलं काहीच नव्हतं. अडीच वॉटांत त्याचा घास होत नव्हता. स्क्रीन बंद केला, की तोच आयपॅड मुंगीच्या पावलानं का होईना, चार्ज व्हायचा. आसूस आणि गिगाबाइट या मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांनी त्याच सुमारास पोर्टातून जास्त प्रवाह सोडणारी छोटी सॉफ्टवेअरं काढली.

भिंतीवरचा चार्जर मात्र असल्या चौकशा करत नाही. त्याच्या आत डेटाच्या दोन तारा एकमेकींना जोडलेल्या असतात. फोन लागला, की त्या तारा चाचपतो. त्या जोडलेल्या दिसल्या, की समोर कॉम्प्युटर नाही, नुसता चार्जर आहे, हे त्याला कळतं आणि तो बिनधास्त दीड अँपिअर ओढतो. ही खूण २००९-१० च्या बॅटरी चार्जिंगच्या नियमावलीत पक्की झाली. एक तिसरा प्रकारही तिथंच आला: डेटाही देणारं आणि दीड अँपिअरही देणारं पोर्ट. काही लॅपटॉपांवर एका पोर्टाशेजारी विजेची किंवा बॅटरीची छोटी खूण छापलेली असते. लॅपटॉप झोपला तरी बहुधा ते पोर्ट चार्जिंग देत राहतं. आपल्याकडे लाइन गेली, की लॅपटॉप हीच पॉवर बँक; म्हणून ती खूण कुठल्या पोर्टाशी आहे ते आधीच पाहून ठेवावं.

या डेटाच्या तारांमुळेच एक फसवी अडचण येते. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त केबलींत चारऐवजी दोनच तारा असतात, फक्त वीज वाहणाऱ्या. भिंतीवरच्या चार्जरला लावली, की कामचलाऊ चालते. कॉम्प्युटरला लावली, की बोलणीच होत नाहीत. काही फोन तरीही थोडं घेतात, काही हटून बसतात. ओळखायचं सोपं आहे: केबल लावल्यावर फोनवर फाइल पाठवायची का, अशी विचारणा येतच नसेल आणि दुसऱ्या केबलीनं येत असेल, तर पहिलीत तारा नाहीत किंवा तुटल्या आहेत. पण असली केबल फेकू नका. अनोळखी ठिकाणी चार्जिंग करताना तीच बरी. चार्जिंगच्या पोर्टातून माहिती चोरण्याच्या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ च्या आपल्या पुस्तिकेत सावध केलं आहे, आणि दोन तारांच्या केबलीतून माहिती जायला वाटच नसते.

केबलीची जाडी हा दुसरा गुन्हेगार, आणि तो सहसा सापडत नाही. २८ गेजच्या बारीक तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. जाऊन-येऊन एक मीटरच्या केबलीत ०.४३ ओहम झाला. अर्धा अँपिअर वाहताना वाटेत ०.२ व्होल्ट गळतात, ते चालून जातं. दोन अँपिअरला मात्र जवळजवळ ०.८५ व्होल्ट गळतात, म्हणजे फोनच्या तोंडाशी पोचतात जेमतेम ४.१५. फोन ते ओळखतो आणि मागणी कमी करतो. केबल तीन मीटरची असेल तर विचारायलाच नको. मी तरी चार्जिंगला हातभर, जाड आणि ताठ केबल वापरतो. दिसायला बेढब, पण कामाची.

सेवा केंद्रातल्या टेबलाखाली आणखी एक गोष्ट लोंबत असते: हब. त्याच्यात स्वतःचा अडॅप्टर खोचलेला नसेल, तर तो कॉम्प्युटरकडून मिळालेले पाचशे मिलिअँपिअरच वाटतो, म्हणजे चार तोंडांना नियमानं प्रत्येकी शंभर. त्यात अंगठ्याचं मशीन, माउस आणि वर कुणाचा तरी फोन. फोन लावल्याबरोबर मशीनचा दिवा मिणमिणला आणि रेशनचा नाहीतर पेन्शनचा अंगठा घेईना, तर म्हातारीच्या बोटाला दोष देण्याआधी तो फोन काढून पाहावा. कीबोर्डाच्या कडेला असलेल्या पोर्टाची हीच गत. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टापेक्षा मागचं वापरावं. मागची पोर्टं थेट मदरबोर्डावर असतात. पुढची एका बारीक वायरीनं जोडलेली, आणि ती वायर सैल झालेली किंवा धुळीनं माखलेली असण्याची शक्यता फार.

विंडोजचीही एक खोडी आहे. वीज वाचवायला ते पोर्टाला परस्पर झोपवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबवर जाऊन पॉवर मॅनेजमेंटमधली, हे उपकरण बंद करायची मुभा देणारी, खूण काढून टाकली, की पुष्कळदा अधूनमधून तुटणारं चार्जिंग सुरळीत होतं. पोर्ट अचानक मेलंच, आणि पडद्यावर जास्त वीज ओढल्याची सूचना आली, तर घाबरू नये. बऱ्याच मदरबोर्डांवर पोर्टामागे एक फ्यूज असतो, जो तापला की रोध वाढवतो आणि थंड झाला की पुन्हा पूर्ववत होतो. सगळं काढावं, कॉम्प्युटर बंद करून चहा पिऊन यावं, मग पाहावं.

पूर्ण उतरलेल्या फोनचं दुखणं वेगळं. मंजुरी मागायला फोन जागा असावा लागतो आणि जागं व्हायला बॅटरी लागते. तोवर मिळणारे १०० मिलिअँपिअर कधीकधी त्याला शुद्धीवर आणायलाही पुरत नाहीत. चिन्ह येतं, जातं, पुन्हा येतं. अशा फोनला आधी दहा-पंधरा मिनिटं भिंतीवरच्या चार्जरला लावावं, मग हवा तर कॉम्प्युटरला.

टाइप-सीनं सगळे प्रश्न सुटतील असं वाटलं होतं. युरोपीय संघानं २८ डिसेंबर २०२४ पासून फोनला तेच सॉकेट सक्तीचं केलं. आपल्या भारतीय मानक ब्यूरोनंही जानेवारी २०२३ मध्ये त्याचं मानक जाहीर केलं. पण सॉकेट एक झालं तरी करार एक होत नाही. टाइप-सी पोर्ट समोर कुणी आहे याची खात्री पटेपर्यंत वीजच सोडत नाही. ती खात्री पटते उपकरणातल्या ५.१ किलोओहमच्या दोन इवल्या रोधांमुळे. अगदी स्वस्त टॉर्च, ट्रिमर, स्पीकर बनवणारे नेमके तेच रोध वाचवतात. मग हाच टॉर्च नव्या लॅपटॉपला दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलीनं लावला, की मेल्यासारखा पडून राहतो, आणि जुन्या चपट्या पोर्टाच्या केबलीनं लावला, की लगेच लाल दिवा लागतो. दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही; जुनी केबल जपून ठेवावी. टाइप-सीमध्ये वीज दोन्ही दिशांनी वाहू शकते, हेही विसरू नये. अँड्रॉइड फोनच्या यूएसबी सेटिंगमध्ये जोडलेलं उपकरण चार्ज करण्याचा पर्याय चुकून निवडला गेला, तर फोनच समोरच्याला वीज देत बसतो.

एवढं सगळं पाहिल्यावर फोनच्या तोंडात डोकवावं. खरं तर कपाशीच्या मुलखात ते सगळ्यात आधी करायला हवं. वेचणीच्या दिवसांत खिशातला फोन दिवसभर रुई आणि धूळ गोळा करतो. ती सॉकेटात जाते आणि प्रत्येक वेळी केबल खुपसताना आणखी आत ठासली जाते. काही महिन्यांनी तिची नमद्यासारखी घट्ट चकती बनते. खूण अशी: केबल पूर्वीइतकी आत जात नाही, 'टक्' असा आवाज येत नाही, आणि धरून ठेवली तरच चार्ज होतं. फोन बंद करावा, उजेडात धरावा आणि लाकडी टूथपिकनं कडेकडेनं अलगद उकरावं. मधल्या पातळ पट्टीला धक्का लावू नये. सुई, सेफ्टी पिन कटाक्षानं टाळावी, कारण धातूनं आतले दोन संपर्क जुळले तर उरलेला फोनही जातो. तोंडानं फुंकर मारू नये. फुंकरीतून ओल जाते. जेवढी रुई निघते ती पाहून माणूस चकित होतो.

मे महिन्यात याहून साधं कारण असू शकतं. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. फोन ते स्वतःच पाळतो आणि वीज घेणं थांबवतो किंवा मंद करतो. विदर्भातल्या दुपारी टिनाच्या पत्र्याखाली तापलेल्या लॅपटॉपवरच फोन ठेवला असेल, तर केबल बदलून काय होणार? तो सावलीत, फरशीवर ठेवावा, कव्हर काढावं. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये, आत दव धरतं.

दुरुस्तीवाल्याकडे जाण्यापूर्वी एका वेळी एकच गोष्ट बदलावी: आधी पोर्ट, मग केबल, मग फोन. तिन्ही एकदम बदलले तर काय सुधारलं ते कळत नाही, आणि चांगली केबल उगाच कचऱ्यात जाते. तोच फोन त्याच केबलीनं भिंतीवरच्या चार्जरवर नीट चालत असेल, तर फोन उघडायची गरज नाही. भिंतीवरही चालत नसेल आणि सॉकेट साफ असेल, तर बहुधा चार्जिंग जॅक गेला. बऱ्याच फोनमध्ये तो खालच्या वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो. अख्खा मदरबोर्ड बदलायला सांगणाऱ्याला आधी तेवढाच बोर्ड बदलता येतो का, ते विचारावं.