डालेकच्या पोटातला शुक्रवार

२ ऑक्टोबर १९६४. लंडनमध्ये हॅमर्स्मिथला, थेम्सच्या काठावर बीबीसीचा रिव्हरसाइड स्टुडिओ आहे. आज तिथे ‘डॉक्टर हू’ मालिकेतल्या ‘द डालेक इन्व्हेजन ऑफ अर्थ’ या सहा भागांच्या कथेचा तिसरा भाग मुद्रित व्हायचा आहे. आठवड्याचे पहिले चार दिवस तालमीच्या हॉलमध्ये जातात, शुक्रवारी स्टुडिओ मिळतो आणि सोमवारी नव्या भागाची संहिता हातात पडते. रतीब चुकवायची सोय नाही, कारण प्रक्षेपणाची शनिवारची संध्याकाळ कुणासाठी थांबत नाही.

नायकाचं, दिग्दर्शकाचं, निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट यांचं नाव पुस्तकांतून पुष्कळ येतं. आपण आज एका डालेकच्या, म्हणजे मालिकेतल्या कवचधारी खलनायकाच्या, आत बसलेल्या माणसाच्या मागे राहू. रॉबर्ट ज्युवेल, केव्हिन मॅन्सर, पीटर मर्फी, गेराल्ड टेलर अशी ही मंडळी. श्रेयनामावलीत नाव येतं, पडद्यावर चेहरा कधीच येत नाही.

सकाळी साडेदहा

कॅमेऱ्यासह तालीम सुरू. दिग्दर्शक रिचर्ड मार्टिन वर कंट्रोल रूममध्ये, खाली फ्लोअर मॅनेजर कानाला हेडफोन लावून त्यांचे हुकूम पोचवतो आहे. तात्पुरत्या भिंतींत लंडन उभं आहे. हे लंडन बाविसाव्या शतकातलं, डालेकांनी जिंकलेलं.

डालेकचा वरचा भाग उचलून बाजूला करतात, माणूस आत शिरतो, आतल्या छोट्या फळीवर टेकतो, आणि झाकण पुन्हा वर बसतं. आता बाहेर यायचं तर दुसऱ्या कुणीतरी झाकण काढायला हवं. लाकूड आणि फायबरग्लासचा हा सांगाडा रेमंड क्युसिक यांनी १९६३ साली आखला आणि अक्सब्रिजच्या शॉक्राफ्ट या कारखान्याने बांधला. आत मोटर नाही, इंजिन नाही. खाली चाकं, आणि जमिनीला टेकलेले माणसाचे दोन पाय. डालेक जे तरंगत आल्यासारखे सरकतात ते याच पायांनी. लेखक टेरी नेशन यांच्या मनात जॉर्जियाच्या लोकनृत्यातल्या बायका होत्या. पायघोळ झग्यात त्यांची पावलं दिसत नाहीत. पाय दिसले की आत माणूस आहे हे कळतं, म्हणून पाय झाकायचे. क्युसिक यांनी सगळी आकृती त्यावरच बेतली.

हातांना मात्र उसंत नाही. एका हाताशी बंदूक, दुसऱ्याशी तो प्रसिद्ध रबरी पंप (हो, मोरी तुंबल्यावर वापरतात तसलाच), वर डोळ्याचा दांडा, फिरवायचा घुमट, आणि घुमटावरचे दिवे लुकलुकवायचं बटण. दिसतं ते घुमटाखालच्या जाळीतून, तेही अर्धवट. जमिनीवरची केबल दिसत नाही, खडूची खूण दिसत नाही. मोजून पावलं टाकायची आणि कोपऱ्यावर भिंतीला धडकायचं नाही, एवढाच अभिनय. पण तो करून बघावा!

बारा

डालेक बोलतो, पण आतला माणूस बोलत नाही. सेटपासून दूर मायक्रोफोनसमोर पीटर हॉकिन्स आणि डेव्हिड ग्रॅहॅम बसले आहेत. त्यांचा आवाज रिंग मॉड्युलेटर नावाच्या यंत्रातून जातो. सेकंदाला सुमारे तीस कंपनांचा एक खर्ज सूर आवाजात गुणला जातो आणि बोलणं थरथरत, करवतल्यासारखं बाहेर पडतं. बीबीसीच्या रेडिओफॉनिक वर्कशॉपमधल्या ब्रायन हॉजसन यांनी पहिल्या डालेक कथेच्या वेळी हा आवाज घडवला. यातले हॉकिन्स मुलांच्या कार्यक्रमांत कुंडीतल्या बाहुल्यांना आवाज देत आले आहेत, हे त्या काळच्या किती पोरांना माहीत असेल?

संवाद ग्रॅहॅम यांचा, दिव्याचं बटण आतल्या माणसाच्या बोटाखाली. म्हणजे त्यालाही सगळे संवाद पाठ हवेत, शब्दागणिक, कारण प्रत्येक अक्षराला दिवा लागला नाही तर दोन डालेकांपैकी नेमकं कोण बोलतंय तेच कळत नाही. एक राक्षस, दोन देह. आपल्याकडच्या बोहाड्यात जड मुखवटा चढवून सोंग नाचतं आणि वाजंत्री त्याला पाऊल देतात, तसं काहीसं. फक्त इथे सोंग आणि वाजंत्री एकमेकांना दिसतही नाहीत.

लोक डालेकला सर्रास रोबो म्हणतात. कथेत तो रोबो नाहीच. पोलादी कवचात एक जिवंत, विकृत झालेला प्राणी आहे. पोटात काहीतरी मऊ, घाम फुटणारं बसलंय आणि तेच सगळं चालवतंय. या बाबतीत कथा आणि स्टुडिओ दोघंही एकच सांगतात.

एक

जेवणाची सुट्टी. झाकण निघतं.

दुपार

पहिल्या कथेच्या शेवटी डालेक मेले होते. त्यांच्या शहराची वीज गेली आणि सगळे जागच्या जागी थंड. पण १९६४ च्या सुरुवातीला मुलं त्यांच्यासाठी वेडी झाली होती, तेव्हा त्यांना परत आणणं भाग होतं. मालिकेत खलनायक परत येण्याची ही पहिलीच वेळ. मेलेले परत कसे? दुसऱ्या भागात डॉक्टर एका वाक्यात निकाल लावतो: ते सगळं फार पुढच्या काळात घडलं होतं, हे आधीचं. मला ही लबाडी आवडते. काळात फिरणारा नायक असल्यावर लेखकाला एवढी सवलत मिळायलाच हवी.

दुसरी अडचण चाकांची होती. आधीच्या कथेत डालेक शहरातल्या धातूच्या जमिनीतून वीज घेत, म्हणून बाहेर पडू शकत नव्हते. आता त्यांना लंडनच्या रस्त्यांवर फिरवायचं होतं. त्यामुळे पाठीवर एक गोल तबकडी आली, वीज तिथून मिळते म्हणे. आणि खालचा पाया मोठा झाला, कारण खरी चाकं खऱ्या रस्त्यावर फिरवायची तर ती मोठी हवीत आणि लपायलाही हवीत.

दुपारच्या तालमीत डालेकांच्या उडत्या तबकडीचं, म्हणजे त्यांच्या यानाचं, दृश्य आहे. बंडखोर यानावर हल्ला करतात आणि बेशुद्ध डॉक्टरला उतारावरून खाली आणतात. या भागाच्या तालमीत त्या उताराचे आधार निखळले आणि डॉक्टर झालेले विल्यम हार्टनेल पाठीवर आपटले. वय छप्पन्न. काही काळ त्यांचे पाय हलेनात. तपासण्या झाल्या, एक्स-रे निघाला, मोठी इजा नाही असं कळलं, पण पुढच्या आठवड्याची सुट्टी त्यांना द्यावी लागली.

ज्या उतारावर माणूस घसरतो, त्यावरून चाकांचा डालेक कसा उतरवायचा हा प्रश्न आमच्या डालेकमधल्या माणसाच्या मनात आला असेलच.

सात

रात्रीचं जेवण, रंगभूषा, कॅमेऱ्यांची जुळणी. डालेकला रंगभूषा लागत नाही, पुसलं की झालं.

 

साडेआठ

आता मुद्रण. पंचवीस मिनिटांचा भाग, हातात साधारण सव्वा तास. चित्रफीत महाग, ती कापून जोडणं त्याहून किचकट, म्हणून थांबायचं मोजक्याच ठिकाणी. बाकी सगळं नाटकासारखं सलग. संगीत आधी मुद्रित केलेलं, ते वेळेवर टेपवरून वाजवायचं. बाहेर चित्रित केलेले फिल्मचे तुकडे टेलिसिने यंत्रावरून मधे सोडायचे. दार अडकलं, डालेक खांबाला घासला, कुणी अडखळलं, तरी जमेल तितकं पुढे जायचं.

फिल्मच्या त्या तुकड्यांत या भागाचं सोनं आहे. ऑगस्टमध्ये, लंडन जागं होण्याआधी पहाटे, डालेकांना वेस्टमिन्स्टर पुलावर आणि ट्राफल्गार चौकात नेलं होतं. डॉक्टरची सहप्रवासी बार्बरा आणि बंडखोरांपैकी जेनी, चाकाच्या खुर्चीतल्या डॉर्टमन या बंडखोराला ढकलत पळताहेत. रस्ते रिकामे, नेल्सनच्या स्तंभाभोवती डालेक, आणि मिनिटामागून मिनिट एकही संवाद नाही. आहे ते फ्रान्सिस शाग्रँ यांचं संगीत. तोवरच्या डालेक दृश्यांत बडबड फार असे. इथे ते गप्प आहेत म्हणूनच भिववतात. १९६४ चा ब्रिटिश प्रेक्षक ही चित्रं पाहून काय आठवणार हे उघड होतं. युद्ध संपून वीस वर्षंही झाली नव्हती, आणि हिटलरचं सैन्य वेस्टमिन्स्टरला उतरलं असतं तर, हा विचार त्या पिढीने खरोखर केला होता. पहिल्याच भागाच्या शेवटी नदीच्या पाण्यातून वर येणारा डालेकही तिथूनच आलेला आहे.

स्टुडिओत डॉर्टमनची शेवटची वेळ येते. तो खुर्चीतून कष्टाने उठतो, स्वतःच्या पायांवर उभा राहतो आणि बॉम्ब घेऊन डालेकांसमोर जातो. ज्याचे पाय चालत नाहीत तो उभा, आणि समोरच्या कवचांत पाय असूनही लपवणारी माणसं. डॉर्टमन झालेले ॲलन जड हे दृश्य अजिबात ओढत नाहीत. डालेक बंदूक रोखतो, आवाज दूरच्या मायक्रोफोनवरून येतो, दिवे लुकलुकतात, आणि चित्राचा रंग उलटून जातो: काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. एवढ्याने माणूस मेला हे घराघरांतल्या पोरांना पटतं.

पावणेदहा

काम थांबतं. ताणलं तर ओव्हरटाइम. झाकणं निघतात, माणसं बाहेर पडतात. हा भाग ५ डिसेंबरला प्रक्षेपित झाला तेव्हा सुमारे एक कोटी वीस लाखांनी पाहिला. मूळ चित्रफिती पुढे पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. आज हे सहाही भाग आपल्याला दिसतात ते फिल्मवर उतरवलेल्या प्रतींमुळे.

सोमवार

चौथा भाग, आणि नायक घरी. डॉक्टर सुरुवातीलाच भोवळ येऊन पडतो असं ठरतं. त्याचे बरेच संवाद डेव्हिड या तरुण बंडखोराच्या वाट्याला जातात. पडण्यापुरता एडमंड वॉरिक हा नट पाठमोरा उभा राहतो. डालेकच्या आतला माणूस बदलला तर कुणाच्याही लक्षात येणार नाही, पण डॉक्टरची पाठ बदलली की प्रेक्षक ओळखतो, म्हणून ते दृश्य शक्य तितकं लहान ठेवलं.

पुढच्याच वर्षी ‘द चेस’ या कथेत डालेक डॉक्टरची हुबेहूब यांत्रिक प्रतिकृती तयार करतात. ती भूमिका वॉरिक यांनीच केली, आणि दिग्दर्शक पुन्हा रिचर्ड मार्टिन होते.