‘आत्ता’ आणि ‘नंतर’

‘दहा मिनिटांत निघतो’ म्हणणारा पाऊण तासानं निघतो, तेव्हा घरचे त्याला आळशी ठरवून मोकळे होतात, कार्यालयात मेमो मिळतो. एडीएचडी असलेल्या प्रौढाची अडचण वेगळीच असते. वेळ किती गेला, हे त्याला नीट जाणवतच नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली याला काळाबाबतचं आंधळेपण म्हणतात. कामांचे दोनच कप्पे उरतात, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. प्राप्तिकर विवरणपत्राची मुदत आदल्या रात्रीपर्यंत ‘नंतर’मध्येच पडून असते.

अशा माणसाला ‘जरा लक्ष दे’ सांगून काही होत नाही. डोक्यातलं घड्याळ भरवशाचं नसेल, तर ते बाहेर मांडावं लागतं. टेबलासमोर काट्यांचं घड्याळ हवं. मोबाइलमध्ये वेळ पाहायला गेलेला अर्ध्या तासानं परततो. पंचवीस मिनिटांचा गजर लावावा. पहिली पायरी हसू येईल इतकी छोटी ठेवावी, म्हणजे ‘अहवाल लिहिणे’ नव्हे, ‘फाइल उघडून शीर्षक टाकणे’. मधल्या तारखा सहकाऱ्याला सांगून ठेवल्या, की त्या टाळणं अवघड जातं. शेजारी कुणी आपलं काम करत नुसतं बसलं, तरी अनेकांचा हात चालू लागतो.

मात्र उशीर करणाऱ्या प्रत्येकाला एडीएचडी नसतो. निदानासाठी काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. अपुरी झोप, चिंता, नैराश्य यांतही लक्ष उडतं. म्हणूनच मानसोपचारतज्ज्ञ जुनी प्रगतिपुस्तकं मागतात, आईवडिलांशी बोलतात. मिथाइलफेनिडेटसारखी औषधं त्यांच्याच सल्ल्यानं घ्यायची. त्यांनी लक्ष टिकायला मदत होते. भिंतीवरचं घड्याळ तरीही लागतंच.