विश्लेषण : जुन्या पोर्शे ९११चा हीटर का बिघडतो?

१९६४ ते १९९८ या काळातील पोर्शे ९११ मोटारींचे इंजिन पाण्याने नव्हे, हवेने थंड होत असे. रेडिएटर नाही, मग हीटरसाठी गरम पाणीही नाही. त्याऐवजी हवा एक्झॉस्ट नळ्यांभोवतीच्या पत्र्याच्या आवरणातून जाऊन तापते. ती केबिनमध्ये घ्यायची की बाहेर सोडायची, हे दोन झडपा ठरवतात. जुन्या मॉडेलांत दोन सीटांमधल्या लिव्हरने या झडपा केबलद्वारे ओढल्या जातात. इतक्या वेगवान मोटारीतला हीटर सायकलच्या ब्रेकसारखा चालतो!

दुरुस्ती कुठून सुरू करावी?

लिव्हर हलवूनही फरक पडत नसेल, तर दोष बहुधा मोटारीखाली असतो. इंजिन थंड झाल्यावर मोटार भक्कम स्टँडवर घेऊन झडप हाताने हलवून पाहावी. गंजून अडकली असेल तर साफ करून उष्णता सोसणारे वंगण द्यावे. मोकळी असेल तर केबल तुटली वा निसटली आहे का, ते पाहावे.

धोका कशात?

आवरणातील नळीला छिद्र पडल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू थेट केबिनमध्ये शिरतो. त्याला वास नसतो. झडप उघडीच अडकली असेल, तर हीटर ‘बंद’ असतानाही तो येत राहतो. त्यामुळे झडपेबरोबर नळ्यांचीही तपासणी करून घ्यावी.