भाड्याचं घर: तुलना कशाची करायची आणि घासाघीस कुठे

पुण्यात मे-जूनमध्ये भाड्याचं घर शोधणाऱ्या प्रत्येकाकडे एक यादी असते. कुणाच्या फोनमध्ये, कुणाच्या वहीच्या मागच्या पानावर. एरिया, वन आरके की वन बीएचके, आणि भाडं. निर्णय बहुतेक वेळा या तिसऱ्या आकड्यावर होतो आणि घासाघीसही त्याच आकड्यावर होते. माझं म्हणणं असं की तुलना करायला हा आकडा अपुरा आहे. आणि घासाघिशीत तुमचा जोर किती, हे तुम्ही किती गोड बोलता यापेक्षा तुमच्या हातात दुसरं चालण्यासारखं घर आहे की नाही यावर ठरतं. या दोन्ही गोष्टींवर अर्थशास्त्रात आणि मानसशास्त्रात गेली साठेक वर्षं काम चाललं आहे. त्यातलं घरशोधणीत उपयोगी पडेल तेवढं इथे सांगते.

डोळ्यांसमोर फेलोशिपवर राहणारी व्यक्ती ठेवू. नेट-जेआरएफची फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, आणि अनेकांना तेवढीही मिळत नाही. म्हणजे हजार रुपये इकडेतिकडे झाले तर ते जेवणातून किंवा घरी पाठवायच्या पैशातून जातात.

आधी तुलना. समजा दोन घरं आहेत, आकडे हिशेबापुरते घेतलेले. पाषाणचा वन बीएचके १८,००० रुपये, मेंटेनन्स त्यातच, डिपॉझिट ४०,०००, मालक थेट भेटले म्हणून ब्रोकरेज नाही, लॅबला सायकलनं जाता येतं. दुसरा वारजेला, १५,००० रुपये. तीन हजारांनी स्वस्त! पण मेंटेनन्स वेगळा १,२००, डिपॉझिट एक लाख, आणि ब्रोकरला एक महिन्याचं भाडं.

आता सगळं महिन्यावर आणू. ब्रोकरेजचे १५,००० अकरा महिन्यांवर वाटले की महिना साधारण १,३६४. डिपॉझिट परत मिळतं, पण तोवर ते पैसे मालकाकडे अडकलेले असतात. बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते असं धरलं तर लाखाचे महिना ५८३ आणि चाळीस हजारांचे २३३. वारजे ते पाषाण रोज येऊन-जाऊन वीस किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे अकरा-एक लिटर पेट्रोल, साधारण १,१५०. सायकलच्या देखभालीला ३०० धरू. बेरीज केली की वारजेचं घर महिना १९,२९७ ला पडतं आणि पाषाणचं १८,५३३ ला. ‘स्वस्त’ घर साडेसातशे रुपयांनी महाग निघालं.

पण इथेच थांबू नका. हा हिशेब अकरा महिन्यांचा झाला. पीएचडी अकरा महिन्यांत संपत नाही. त्याच घरात तीन करार, म्हणजे ३३ महिने काढले आणि दर नव्या करारावर ब्रोकर पुन्हा हात पसरत नसेल, तर ब्रोकरेज महिना ४५५ वर येतं आणि वारजेचं घर दीडशेनं स्वस्त होतं. म्हणजे ‘कुठलं घर स्वस्त’ याचं उत्तर तुम्ही तिथे किती काळ राहणार यावर अवलंबून आहे, आणि ते घर दाखवणाऱ्याला ठाऊक नसतं, तुम्हाला असतं. दरवर्षी भाडं किती टक्के वाढणार, आणि घर सोडताना रंगकामाचे किती कापणार, हे दोन प्रश्न मी पहिल्याच फोनवर विचारायला सांगेन. नंतर विचारलं की उत्तर मोघम येतं.

प्रवासाचा वेळ या हिशेबात मी धरलेलाच नाही. त्याबद्दल अलोइस श्टुत्झर आणि ब्रूनो फ्राय यांचा २००८ सालचा एक अभ्यास आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे लांब राहणाऱ्याला त्या लांबीची भरपाई स्वस्त घरातून किंवा जास्त पगारातून मिळायला हवी, म्हणजे समाधानात फरक पडू नये. जर्मनीतल्या वर्षानुवर्षं चाललेल्या पाहणीची माहिती तपासली तेव्हा दिसलं की ज्यांचा प्रवास लांब, ते आयुष्याबद्दल कमी समाधानी होते. भरपाई पुरत नव्हती. जर्मनी म्हणजे पुणे नव्हे, मान्य. पण चांदणी चौकातून संध्याकाळी सात वाजता गेलेल्या माणसाला हा निष्कर्ष फारसा परका वाटू नये. घर बघायला रविवारी सकाळी जाऊन ‘वीस मिनिटांत पोचलो’ म्हणू नका. सोमवारी लॅबच्या वेळेला एकदा जाऊन बघा.

किती घरं बघायची? १९६१ साली जॉर्ज स्टिगलर यांनी माहितीच्या अर्थशास्त्रावर जो लेख लिहिला, त्यात हाच प्रश्न आहे: एकाच वस्तूचे वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे भाव असतील तर माणूस किती ठिकाणी चौकशी करेल? उत्तर सरळ आहे. पहिल्या काही चौकशांमधून फायदा भरपूर होतो आणि पुढे तो झपाट्यानं घटत जातो, तर चौकशीचा खर्च मात्र तेवढाच राहतो. दुसरं, तिसरं, चौथं घर बघून तुम्हाला भावाचा अंदाज येतो. चौदाव्यातून फार काही हाती लागत नाही, रविवार तेवढा जातो. इंटरनेटवर ‘पहिली ३७ टक्के घरं सोडून द्या, मग त्याहून सरस दिसेल ते घ्या’ असाही सल्ला फिरतो. तो एका सुंदर गणिती कोड्यातून आलेला आहे, पण त्या कोड्यात भाव किती असतात याची काहीच कल्पना नसते, सोडलेल्या पर्यायाकडे परत जाता येत नाही, आणि सर्वांत उत्तम एकच मिळवायचं असतं, दुसऱ्या नंबरचं मिळालं तरी शून्य. भाड्याच्या घराला यातलं काही लागू नाही. तुम्हाला सर्वोत्तम घर नकोच आहे, बजेटात बसणारं चांगलं घर हवं आहे. त्यापेक्षा वर केला तसा हिशेब करून होकाराची मर्यादा आधीच ठरवा: सगळं धरून महिना इतके रुपये, त्याखाली आलं की हो.

ही मर्यादा लिहून का ठेवायची, याला कारण आहे. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या टूसॉन शहरात एक प्रयोग प्रसिद्ध केला. खरंखुरं घर, त्याची माहितीपत्रकं सगळ्यांना सारखी, फक्त छापलेली किंमत वेगवेगळी. विद्यार्थ्यांनी आणि घरांच्या दलालांनी ते घर बघून त्याची योग्य किंमत सांगायची होती. विद्यार्थी छापील किमतीकडे ओढले गेले यात नवल नाही. दलालही ओढले गेले, आणि वर बहुतेकांनी सांगितलं की छापील किमतीचा आपण विचारच केला नाही. रोजचा धंदा असलेल्यांची ही गत, तर आपली काय कथा? ‘बावीस सांगतायत, एकवीसला देतील’ हे ऐकलं की एकवीस स्वस्त वाटायला लागतं.

आणि हा ओढा मालकाच्या आकड्याचाच असतो असं नाही. उरी सायमनसन आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी २००६ मध्ये शहर बदलणाऱ्या अमेरिकन कुटुंबांची माहिती तपासली. महागड्या शहरातून आलेले लोक नव्या शहरात आल्याबरोबर जास्त भाड्याची घरं घेत होते. स्वस्त शहरातून आलेले कमी भाड्याची. उत्पन्नाचा फरक वगळूनही. पुढे त्याच शहरात घर बदलताना ही तफावत मिटत होती. पुण्यात हे दोन्ही नमुने दिसतात. अंधेरीहून आलेल्याला बाणेर फुकट वाटतं. लातूरहून आलेल्याला सगळंच लूट वाटतं, तो चांगली घरं सोडत जातो आणि शेवटी घाईत लांबचं, अंधारं काहीतरी घेतो. दोघांचीही मोजपट्टी जुन्या गावाची आहे.

आता घासाघीस. एरियल रुबिनस्टाइन यांच्या १९८२ च्या सिद्धान्तात दोन माणसं आळीपाळीनं एकमेकांना देऊ करतात, आणि वेळ जाईल तसं दोघांचंही नुकसान होतं. गणित अवघड आहे, निष्कर्ष नाही: ज्याला थांबणं महाग पडतं, त्याच्या वाट्याला कमी येतं. म्हणून प्रश्न असा विचारा की इथे थांबणं कुणाला महाग आहे?

पाषाणच्या घराचं उदाहरण घेऊ. तुम्ही १८ ऐवजी १७ हजार मागितले. मालकाचं अकरा महिन्यांत ११,००० रुपयांचं नुकसान. पण घर रिकामं राहिलं तर त्यांचे दिवसाला ६०० जातात. अकरा हजार म्हणजे अठरा दिवस. पुढचा भाडेकरू अठरा दिवसांहून उशिरा येईल असं वाटत असेल तर तुमचे सतरा घेणं त्यांच्याच फायद्याचं आहे. त्यामुळे ‘घर कधीपासून रिकामं आहे?’ हा सहज विचारलेला प्रश्न फार कामाचा असतो. जूनमध्ये अ‍ॅडमिशनच्या गर्दीत मालकाला अठरा दिवस थांबावं लागत नाही, तेव्हा भाड्यावर फार ताणू नका. दिवाळीनंतर रिकामा पडलेला फ्लॅट असेल तर अवश्य ताणा.

बोलायचं कसं? ‘काका, काहीतरी कमी करा ना’ यात मालकाला काहीच मिळत नाही. ‘काका, घर आवडलं. सतरा हजारांना देत असाल तर आज टोकन देते. एकटीच राहणार आहे, अजून तीन वर्षं लॅब इथेच आहे’ यात त्यांना रिकामे महिने वाचल्याची खात्री मिळते. आणि काका ‘फिक्स आहे’ म्हणाले तर भाडं सोडून बाकीच्याकडे वळा. रंगकामाचे पैसे कापू नयेत, गीझर दुरुस्त करून द्यावा, डिपॉझिट दोन हप्त्यांत घ्यावं, लॉक-इन नको. भाड्याचा आकडा सोसायटीत चर्चेचा असतो, त्यात कमीपणा घेणं अनेक मालकांना जड जातं. गीझरवर कुणाचा अहंकार अडकलेला नसतो. उलट ‘डिपॉझिट लाखानं वाढवा, भाडं हजारानं कमी करतो’ अशी ऑफर आली तर ५८३ चा आकडा आठवा. कागदावर ती तुमच्या फायद्याची आहे. पण तो लाख उसना आणणार असाल, किंवा परत मिळेल याची खात्री वाटत नसेल, तर नको म्हणा.

कराराबद्दल थोडक्यात. ‘अकरा महिन्यांचाच आहे, रजिस्टर कशाला’ हे महाराष्ट्रात चालत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी काढलेलं मानीव व्याजही धरतात. पाषाणच्या घराला ते पाचशेच्या आसपास येतं, शहरात नोंदणी फी हजार रुपये. एजंटनं पाच हजार सांगितले तर उरलेले कशाचे ते विचारा, आणि अर्धे मालकाकडून मागा.

या सगळ्या सल्ल्याखाली एक गृहीतक आहे. दुसरं घर हातात असेल तर जोर मिळतो, हे खरं. पण दुसरं घर सगळ्यांना सारखं मिळतं का? सुखदेव थोरात, अनुराधा बॅनर्जी, विनोद मिश्रा आणि फिरदौस रिझवी यांचा दिल्ली आणि परिसरातला अभ्यास २०१५ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. सवर्ण हिंदू, दलित आणि मुस्लिम अशा ओळखीच्या लोकांनी घरासाठी चौकशी केली. दलितांना आणि त्याहून जास्त मुस्लिमांना नकार मिळाले. काहींना होकार मिळाला, पण जास्त भाड्याच्या किंवा जाचक अटींसकट. हा अभ्यास दिल्लीचा आहे. पण पुण्यात ‘व्हेज फॅमिलीच पाहिजे’ आणि ‘आडनाव काय?’ ही वाक्यं फोनवर ऐकलेली नाहीत, असं म्हणणारा माणूस बहुधा ज्याला ती ऐकावी लागत नाहीत तोच असतो. ज्याच्या यादीतली आठातली सहा घरं फोनवरच गळतात, त्याचं थांबणं मालकापेक्षा महाग होतं, आणि मग अठराचे सतरा करण्याची भाषा त्याला बोलता येत नाही. त्याला घासाघिशीची युक्ती शिकवून हे भरून निघत नाही.

भरून निघू शकतं ते थोडंफार माहितीनं आणि ओळखीनं. डिपार्टमेंटमधला सीनियर घर सोडतो तेव्हा मालकाला भाडेकरू हवा असतो, ब्रोकरेज लागत नाही, आणि ‘माझ्या लॅबमधली आहे’ या वाक्याला वजन असतं. त्यामुळे घर सोडायच्या दोन महिने आधी ग्रुपवर सांगा, आणि ज्यांना बाहेर घर मिळणं अवघड जातं त्यांना आधी विचारा. आमच्याकडे एक साधी शीट आहे: एरिया, सांगितलेलं भाडं, ठरलेलं भाडं, मेंटेनन्स, डिपॉझिट, त्यातलं परत किती मिळालं, दरवर्षीची वाढ, आणि मालकानं फोनवर काय काय विचारलं. सगळ्यात उपयोगी रकाने ‘ठरलेलं भाडं’ आणि ‘परत किती मिळालं’ हे, कारण ते कुठल्याच जाहिरातीत नसतात. तुमच्या डिपार्टमेंटमध्ये अशी शीट नसेल तर या आठ रकान्यांनी सुरू करा. पहिली ओळ तुमच्या सध्याच्या घराची भरा.