पाळी मागेपुढे होते, आणि मूल हवं आहे?



गटाची मासिक बैठक संपते, वहीवर सह्या होतात, बाकीच्या जणी घरी निघतात आणि एखादी ताई चप्पल घालता घालता मागे रेंगाळते. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "ताई, माझी पाळी कधी महिन्याला येते, कधी दोन महिन्यांनी. मला मूल होईल ना?" हा प्रश्न चारचौघींत विचारता येत नाही, म्हणून त्याचं उत्तर सगळ्यांसाठी इथे लिहीत आहे. तपासणी आणि औषध डॉक्टरच देतील. पण त्यांच्याकडे जाण्याआधी आपल्याला काय माहीत असावं, ते बघू.

आधी सरळ उत्तर: हो, मूल होऊ शकतं. पाळी मागेपुढे होणं म्हणजे वांझपण नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की शरीरात बीज कधी उशिरा तयार होतं, तर कधी एखाद्या महिन्यात तयारच होत नाही. त्याला कारण असतं, ते शोधता येतं आणि बहुतेक वेळा त्यावर उपाय असतो.

दिवस मोजायचे कसे?

पाळीचा पहिला दिवस म्हणजे अंगावरून नीट लाल जायला सुरुवात झाली तो दिवस. आपल्याकडे पुष्कळ जणी डोक्यावरून पाणी घेतलं त्या दिवसापासून मोजतात, तर काही जणी पाळी थांबली तिथून. त्यामुळे हिशेब चार-पाच दिवसांनी चुकतो. या पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत जेवढे दिवस होतात, ते आपलं चक्र.

हे चक्र 28 दिवसांचंच पाहिजे असं नाही. साधारण 21 ते 35 दिवसांत पाळी येत असेल आणि दर वेळी दोन-चार दिवसच इकडे तिकडे होत असतील, तर काळजीचं कारण नाही. दर महिन्याला तीच तारीख यायला हवी, हा गैरसमज आहे. पण पाळी सारखी 35 दिवसांच्या पुढे जात असेल, 21 दिवसांच्या आत येत असेल, किंवा तीन-तीन महिने येतच नसेल, तर ती अनियमित समजायची.

चौदावा दिवस सगळ्यांचा नसतो

"चौदाव्या दिवशी एकत्र आलं की दिवस राहतात," हे कोणीतरी सांगतं आणि पुष्कळ जणी त्यावर विसंबून राहतात. खरं म्हणजे हे चौदा दिवस मागून मोजायचे असतात. बीज बाहेर पडतं ते पुढची पाळी येण्याच्या साधारण 14 दिवस आधी. ज्यांची पाळी 28 दिवसांनी येते, त्यांच्याच बाबतीत तो चौदावा दिवस ठरतो.

एक उदाहरण घेऊ. समजा एका ताईची पाळी 3 जून, 12 जुलै, 10 ऑगस्ट आणि 24 सप्टेंबरला आली. म्हणजे तिची चक्रं झाली 39, 29 आणि 45 दिवसांची. प्रत्येकातून 14 वजा करा. तिचं बीज पहिल्या वेळी साधारण 25व्या दिवशी, दुसऱ्या वेळी 15व्या दिवशी आणि तिसऱ्या वेळी 31व्या दिवशी बाहेर पडलं असणार. तिने दर वेळी चौदावाच दिवस धरला असता, तर तीनपैकी दोन वेळा तिची वेळ चुकली असती. आणि दोष तिच्या कुशीला लागला असता.

बाहेर पडलेलं बीज जेमतेम एक दिवस टिकतं. पुरुषाचं बीज मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. म्हणून बीज बाहेर पडण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढाच काळ दिवस राहण्याचा असतो.

मग ते दिवस ओळखायचे कसे?

पाळी अनियमित असेल तर पुढची कधी येणार तेच माहीत नसतं. अशा वेळी शरीराची खूण बघायची. बीज बाहेर पडायच्या सुमारास अंगावरून जाणारं पांढरं पातळ, निसरडं होतं. कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखं, बोटांत धरलं तर तार निघते. ते दिसू लागलं की तेच आपले दिवस. त्याला घाण वास नसतो आणि खाजही सुटत नाही. वास, खाज, आग किंवा दह्यासारखं घट्ट जाणं ही जंतुसंसर्गाची लक्षणं आहेत, त्यासाठी दवाखान्यात दाखवायचं.

खूण ओळखता आली नाही तरी हरकत नाही. पाळी गेल्यावर पुढची येईपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी नवरा-बायको एकत्र आले, तर योग्य दिवस आपोआप सापडतो. मेडिकलमध्ये बीज ओळखायच्या पट्ट्या मिळतात, पण पाळी फार अनियमित असेल तर त्या फसवूही शकतात. आधी त्यावर पैसे घालू नका.

इथे एक गोष्ट घरातल्या मोठ्यांनीही समजून घ्यायला हवी. कारभारी पुण्या-मुंबईला कामाला असतील आणि फक्त सणाला दोन दिवस गावी येत असतील, तर लग्नाला तीन वर्षं झाली म्हणजे तीन वर्षं प्रयत्न झाला असं होत नाही. दोघं किती महिने सोबत राहिले, ते मोजा.

पाळी मागेपुढे का होते?

पाळी लांबली की पहिली शंका गरोदरपणाचीच घ्या. आशाताईंकडे लघवी तपासायचं निश्चय किट असतं. आधी ती तपासणी, मग बाकीचं.

गरोदरपण नसेल, तर नेहमी दिसणारी कारणं अशी:

• पीसीओएस. सोनोग्राफीत "पिशवीवर गाठी आहेत" असं कळलं की घरात घबराट होते. या गाठी म्हणजे ट्यूमर नव्हे. ती पूर्ण न वाढलेली छोटी छोटी बीजं असतात आणि त्यासाठी पिशवी काढायची मुळीच गरज नसते. पाळी लांबणं, हनुवटीवर किंवा ओठावर राठ केस, मुरमं आणि काही जणींत वजन वाढणं ही त्याची लक्षणं.
• थायरॉईड किंवा प्रोलॅक्टिन या संप्रेरकांचा बिघाड. साध्या रक्ततपासणीत कळतो आणि गोळ्यांनी आटोक्यात येतो.
• वजन फार जास्त किंवा फार कमी असणं. पोटाला पुरेसं न खाता अतिकष्टाचं काम केलं तरी पाळी बंद पडू शकते.
• अंतरा इंजेक्शन. हे पाळणा लांबवण्याचं चांगलं साधन आहे. पण ते बंद केल्यावर दिवस राहायला, शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने लागू शकतात. तेवढं थांबायचं. त्याने कायमचं वांझपण येत नाही.
• बाळ अंगावर पीत असणं, किंवा वय चाळिशीकडे झुकणं.

डॉक्टरकडे कधी, कुठे?

पाळी नियमित असेल तर एक वर्ष प्रयत्न करून मग दाखवा. वय 35च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी. पण पाळी अनियमित असेल तर एवढं थांबूच नका, आत्ताच जा. पूर्वी टीबी झालेला असेल किंवा ओटीपोटात सतत दुखत असेल तरी लगेच जा. टीबीमुळे गर्भनळ्या बंद होऊ शकतात.

आधी उपकेंद्रातल्या नर्सताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटा. तिथून ते ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोग डॉक्टरांकडे पाठवतील. सोबत पाळीच्या तारखा, आधीचे सगळे कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्या. साधारण हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि सोनोग्राफी एवढ्या तपासण्या होतात.

आणि कारभाऱ्यांना सोबत न्या. मूल न होण्याच्या प्रकरणांत निम्म्याच्या जवळपास जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण सापडतं. कधी एकट्या पुरुषात, कधी दोघांत. त्यांची वीर्य तपासणी साधी असते. ना सुई, ना ऑपरेशन. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध ठेवायचा नसतो, एवढंच. बाईच्या नळ्या तपासायच्या, दुर्बिणीतून बघायचं आणि नवऱ्याची एकही तपासणी नाही, हे उलटं आहे. घरी "तुमच्यात दोष आहे" असं म्हणण्यापेक्षा "डॉक्टरांनी दोघांना बोलावलंय" असं सांगा. ते खरंही असतं आणि भांडणही टळतं.

उपाय काय असतात?

वजन जास्त असेल तर थोडं कमी केल्यानेही फरक पडतो. 70 किलोच्या ताईने साडेतीन-चार किलो उतरवलं तरी पाळी सुधारू शकते. शेतातलं काम हा व्यायामच आहे, पण चहातली साखर, बिस्किटं आणि तळलेलं कमी करून भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी वाढवावी लागते. मिश्री, तंबाखू सोडा, कारभाऱ्यांनाही दारू-तंबाखू सोडायला सांगा. बीजावर दोघांच्याही व्यसनाचा परिणाम होतो. मूल हवं असं ठरवल्यापासूनच फॉलिक ॲसिडची रोज एक गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करा, दिवस राहायची वाट बघू नका. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा पहिल्या काही आठवड्यांतच घडतो.

गरज पडली तर डॉक्टर बीज तयार होण्याच्या गोळ्या देतात. त्या पाळीच्या सुरुवातीला, बहुतेक पाच दिवस घ्यायच्या असतात आणि सोनोग्राफीत बीज वाढतंय का ते बघतात. या गोळ्या जावेच्या चिठ्ठीवरून मेडिकलमधून आणून घेऊ नका. "पाळी आणायची गोळी" वेगळी असते. तिने रक्तस्राव होतो, पण बीज तयार होत नाही. ती दर महिन्याला स्वतःच्या मनाने घेत राहिलात, तर मूळ आजार तसाच राहतो.

या गोष्टींपासून सावध

पाळी अनियमित आहे किंवा अंगावर जास्त जातं म्हणून कोणी गर्भपिशवी काढायला सांगितलं, तर तिथल्या तिथे होकार देऊ नका. पिशवी काढली की मूल होण्याचा रस्ता कायमचा बंद. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांच्या पिशव्या अशा काढल्या गेल्या आणि 2019 साली त्याच्या चौकशीसाठी शासनाला समिती नेमावी लागली. दुसऱ्या डॉक्टरांचा, शक्यतो सरकारी रुग्णालयातला, सल्ला घ्या.

गटातून अंतर्गत कर्ज काढून अंगारे-धुपारे, खात्रीचं औषध किंवा थेट टेस्ट ट्यूब बेबीकडे धावण्याआधी तीन गोष्टी विचारा. माझ्या साध्या तपासण्या झाल्या का? कारभाऱ्यांची तपासणी झाली का? गोळ्यांचा उपाय करून पाहिला का? पीसीओएस असलेल्या पुष्कळ जणींना गोळ्यांनीच दिवस राहतात. टेस्ट ट्यूबची वेळ आलीच, तर केंद्राची नोंदणी बघा. 2021च्या कायद्याने ती सक्तीची आहे.

दिवस राहिले तर

पाळी अनियमित असली की शेवटच्या पाळीवरून काढलेली बाळंतपणाची तारीख चुकू शकते. म्हणून लगेच नाव नोंदवा, "माझी पाळी मागेपुढे होते" हे आवर्जून सांगा आणि पहिल्या तीन महिन्यांतच सोनोग्राफी करून तारीख नक्की करून घ्या. पोटात एका बाजूला जोरात दुखलं, रक्त गेलं किंवा चक्कर आली तर एक तासही वाट न बघता रुग्णालयात जा. गर्भ नळीत राहिला असेल तर जिवावर बेतू शकतं.

गटाने काय करायचं?

आपल्या गटात मूल नसलेली ताई असेल तर बैठकीत "काही बातमी?" विचारू नका. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला तिला मागे ठेवू नका, ओटी तिच्याही हाताने भरून घ्या. तिला दवाखान्यात जायचं असेल आणि घरून कोणी येत नसेल, तर गटातली एक जण सोबत जाऊ द्या.

आपण आठवड्याला वीस रुपयांची बचत असो की पन्नासची, तारीख घालून वहीत लिहितो. एक पैसा चुकला तरी हिशेब पुन्हा मांडतो. स्वतःच्या पाळीची तारीख मात्र बहुतेक जणींना आठवून सांगावी लागते. गटाच्या पासबुकाच्या मागच्या पानावर किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या पाळीचा पहिला दिवस लिहा. तीन-चार तारखा झाल्या की त्या घेऊन, दोघंही, दवाखान्यात जा. पाळी तीन महिने आलीच नसेल, तर तारखा जमायची वाट बघू नका, या आठवड्यातच जा.