घानाची राजधानी अक्रा फिरायला जायचंय? आधी 'पिवळे कार्ड' काढा, मग तिकीट!

आफ्रिकेची सहल म्हटली की आपल्याला केनिया-टांझानियाची जंगल सफारी आठवते. पश्चिम किनाऱ्यावरचे अक्रा मात्र पूर्ण वेगळे आहे. इथले आकर्षण म्हणजे बाजार, समुद्रकिनारा, संगीत आणि इतिहास. इंग्रजी ही अधिकृत भाषा असल्याने संवादाची अडचण नाही. घड्याळ भारतापेक्षा साडेपाच तास मागे.

लस का हवी?

घानात प्रवेशासाठी यलो फीव्हरच्या लसीचे प्रमाणपत्र, म्हणजेच पिवळे कार्ड लागते. लस किमान 10 दिवस आधी आणि सरकारमान्य केंद्रातच घ्या. कार्ड नसेल तर परत आल्यावर भारतातही 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. कारण सोपे आहे. हा आजार भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आहे. तोच, डेंग्यूवाला! मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दलही डॉक्टरांना विचारा.

काय पाहाल?

6 मार्च 1957 रोजी घाना स्वतंत्र झाला. क्वामे एन्क्रुमा यांनी ही घोषणा केली त्याच जागी आज त्यांचे स्मारक आहे. जवळच ब्लॅक स्टार स्क्वेअरचे भव्य मैदान आहे. जेम्सटाऊन या जुन्या भागात दीपगृह, मच्छीमारांच्या रंगीत होड्या आणि जेम्स फोर्ट आहे. याच किल्ल्यातल्या तुरुंगात असताना एन्क्रुमा 1951 ची निवडणूक जिंकले होते. खरेदीसाठी माकोला मार्केट गाठा. तिथे विक्रेत्या महिलांचेच राज्य आहे. घासाघीस चालते.

फिरायचे कसे?

'ट्रोट्रो' म्हणजे तिथले वडाप. मिनीबसच्या दारातून 'मेट' म्हणजे कंडक्टर ठिकाणाचे नाव ओरडतो. 'सर्क, सर्क' ऐकू आले तर ती गाडी सर्कल या मोठ्या चौकाकडे निघाली समजा. टॅक्सीला मीटर नसतो, भाडे आधीच ठरवा. अॅपवरच्या कॅबही मिळतात.

शाकाहारींचे काय?

जोलोफ हा टोमॅटोतला मसालेदार भात, तर 'वाचे' म्हणजे चवळी घातलेला भात. मसाला लावून तळलेली केळी म्हणजे केलेवेले. 'रेड रेड' ही पाम तेलातली चवळीची उसळ तळलेल्या केळ्यांसोबत मिळते. मात्र रस्सा आणि चटणीत मासे असू शकतात, त्यामुळे विचारूनच घ्या.

हे लक्षात ठेवा

- चलनाचे नाव सेडी. ते कवडी या अर्थाच्या आकान शब्दावरून आले. एकेकाळी तिथे कवड्यांनीच व्यवहार व्हायचे.
- पैसे देताना-घेताना उजवा हात वापरा. डावा हात पुढे करणे अपमान समजला जातो.
- लोकांचे फोटो परवानगीशिवाय काढू नका, विशेषतः जेम्सटाऊनमध्ये.
- एप्रिल ते जुलै मुख्य पावसाळा असतो. डिसेंबर-जानेवारीत सहाराकडून धुळीचे हरमॅटन वारे येतात, पण उत्सवांची गर्दीही तेव्हाच असते.

भारताशी नाते काय?

घानाच्या राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय असलेले ज्युबिली हाऊस भारताच्या कर्जसाहाय्यातून उभे राहिले. ते बांधले मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने. नात्याला दुसरी बाजूही आहे. घाना विद्यापीठात 2016 मध्ये बसवलेला महात्मा गांधींचा पुतळा 2018 मध्ये हटवण्यात आला. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील सुरुवातीच्या काळात कृष्णवर्णीयांबद्दल केलेल्या लिखाणावर तिथल्या प्राध्यापकांचा आक्षेप होता. गप्पांत हा विषय निघालाच, तर आधी समोरच्याचे ऐकून घ्या.