काव्यग्रंथांची मूळ जलरंगचित्रे

छापील काव्यग्रंथातील चित्रांसाठी चित्रकाराने प्रथम कागदावर जलरंगांत काढलेली चित्रे. ग्रंथात दिसते ती या चित्राची मुद्रित प्रतिकृती होय. एकोणिसाव्या शतकात अशी चित्रे बहुधा मुद्रणाचे साधन मानली जात. त्यामुळे त्यांचे टिकणे हे कलागुणांपेक्षा मुद्रणपद्धती व मालकी यांवर अधिक अवलंबून राहिले.

इंग्लंडमध्ये कवी सॅम्युएल रॉजर्स याने इटली या काव्याची सचित्र आवृत्ती १८३० मध्ये स्वखर्चाने काढली. तीतील २५ चित्रांसाठी टर्नरने छोटी जलरंगचित्रे तयार केली आणि त्यांवरून उत्कीर्णकांनी पोलादी पत्रे कोरले. टर्नरने ती रॉजर्सला विकली नाहीत, केवळ वापरापुरती दिली. म्हणून त्याच्या मृत्यूनंतर (१८५१) ती राष्ट्रीय संग्रहात गेली. याउलट, विल्यम ब्लेकने दान्तेच्या महाकाव्यासाठी १८२४–२७ मध्ये काढलेल्या १०२ चित्रांपैकी केवळ ७ उत्कीर्ण झाली आणि १९१८ च्या विक्रीनंतर मूळ संच निरनिराळ्या संग्रहालयांत विखुरला.

मराठीत सचित्र काव्याची परंपरा हस्तलिखित पोथ्यांची होती. तीत मजकुराशेजारचे चित्र हेच मूळ चित्र असे. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले. पुढे श्रीधरांच्या हरिविजय (१७०२), पांडवप्रताप (१७१२) यांसारख्या ओवीबद्ध ग्रंथांच्या शिळाछाप पोथ्या निघाल्या व काहींत चित्रेही आली. या पद्धतीत तेलकट शाईची आकृती दगडावर उतरवीत आणि छपाई संपल्यावर दगड घासून पुन्हा वापरीत. परिणामी मूळ रेखाटन छपाईबरोबरच नष्ट होई. पुण्याची चित्रशाळा (१८७८) व राजा रविवर्मा यांचा छापखाना (१८९४) यांनी रंगीत शिळामुद्रण लोकप्रिय केले. तथापि त्यांचा भर सुट्या चित्रांवर होता. बिंदूंच्या जाळीचे ठसे रूढ झाल्यावर चित्राचे छायाचित्र घेऊन ठसा करता येऊ लागला व मूळ चित्र शाबूत राहू लागले. म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांची ग्रंथचित्रे या काळातील आहेत.

मूळ चित्रात कागदाच्या पोतात मुरलेला रंग, त्याच्या कडेला साचलेली गडद रेघ व खालील पेन्सिलीचे रेखाटन दिसू शकते. भिंगातून बिंदूंची जाळी दिसल्यास ते चित्र मुद्रित समजावे. छापील रेषांमध्ये हाताने रंग भरलेली प्रतही मूळ चित्र ठरत नाही. जलरंग प्रकाशाने विटतात. म्हणून प्रदर्शनात अशा चित्रांवर साधारणतः ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू देत नाहीत.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (१८६४) व ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) यांसारख्या जुन्या संस्थांमुळे गतकालीन ग्रंथांच्या जतनाला आधार मिळाला. ठाण्याचे वि. ल. भावे (१८७१–१९२६) यांनी जुन्या काव्यांची हस्तलिखिते मिळवून ती महाराष्ट्र कवि या मासिकातून प्रसिद्ध केली. काव्याचा पाठ असा नव्याने छापून वाचविता येतो. मूळ जलरंगचित्र मात्र एकच असते आणि ते विटले वा गहाळ झाले, तर मुद्रित प्रतिकृतीवरून त्याची केवळ कल्पना करता येते.